टेलचं युरेनियम

“टेलला पाणी सोडलंस, झ्याक केलंस. पण दार बंद कोण करणार?”

जगताप साहेबांनी मला हे काटेवाडीत, त्यांच्या रानाशेजारच्या कॅनॉलच्या भरावावर विचारलं. साहेब माझे बॉस. अणुभट्टीत इंधन कुठं आणि कसं ठेवायचं हे आमचा ग्रुप ठरवतो, त्याचे ते प्रमुख. ते पुतणीच्या साखरपुड्याला गावी आले होते आणि मी इंदापूरला आईवडिलांकडं. मी केलेलं नव्या इंधनाचं डिझाइन शुक्रवारपासून त्यांच्या टेबलावर सहीविना पडून होतं. आणखी उशीर झाला असता तर इंधन बनवणाऱ्यांना ड्रॉइंग वेळेत मिळालं नसतं, भट्टीत पुन्हा जुन्याच पद्धतीचं इंधन गेलं असतं आणि माझी सगळी मेहनत कपाटात. म्हणून बारामतीच्या एसटीतून मी मध्येच काटेवाडीला उतरले.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. चहा झाल्या झाल्या विचारलं, “सही का अडली?” ऑफिसचे आकडे गेटबाहेर बोलायचे नाहीत, हा आमचा नियम. तेव्हा आकड्यांवाचून समजावायला साहेब मला कॅनॉलवर घेऊन गेले.

आमची भट्टी उकळत्या पाण्याची. आत युरेनियमच्या लांब नळ्यांच्या जुड्या उभ्या असतात. एका जुडीला आम्ही बंडल म्हणतो. पाणी खालून शिरतं, वर जाता जाता उकळतं, आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. पण पाण्याला दुसरंही काम असतं. युरेनियम फोडणाऱ्या न्यूट्रॉनचा वेग ते कमी करतं. वेग कमी झाला की न्यूट्रॉन जास्त कामाचा. खाली घट्ट पाणी, तिथं इंधन दणकून जळतं. वर बरीचशी वाफच, तिथं अर्धंमुर्धं. मुदत संपून बंडल बाहेर काढावं, तर बुडखा पार जळालेला आणि शेंड्याला चांगलं युरेनियम शिल्लक. मला ते बघवायचं नाही.

त्याला कारण आहे. आमचं रान कॅनॉलच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. पाण्याचं आवर्तन, म्हणजे पाळी, टेलकडून सुरू करायची, असा नियम आहे. टेलच्या माणसाला तो तोंडपाठ असतो, कारण हेडच्या, म्हणजे साहेबांसारख्या वरच्या अंगाला रान असलेल्या माणसाला तो आठवत नाही.

मी डिझाइनमध्ये तेच केलं होतं. गॅडोलिनियम नावाचा पदार्थ न्यूट्रॉन खातो. काही नळ्यांत तो युरेनियमबरोबर मिसळतात, म्हणजे नवं इंधन सुरुवातीला आवरलेलं राहतं. पुढं तो आपसूक संपत जातो. मी खालच्या भागात तो वाढवला आणि वरून जवळजवळ काढूनच टाकला. हेडला लगाम आणि टेलला मोकळीक. इंधनाची बचत अशी दिसत होती की मी मनातल्या मनात पेढे वाटून बसले होते.

“हेडवाल्यांना टेलला पाणी गेलेलं अजून बघवत नाही,” मी म्हणाले.

“बोलून घे. मग ऐक. भट्टी बंद केली, गार झाली, की वाफ कुठं राहती?”

“राहत नाही. वरपर्यंत पाणीच.”

“मग तुझं वरचं शिल्लक युरेनियम तवाच जागं होणार न्हाय का? त्याला दाबून कोण धरणार?”

दाबून धरतात कंट्रोल रॉड, न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांबी. आणि दंडक असा, की त्यातला सगळ्यात जोरकस रॉड बाहेर अडकून राहिला, तरी बाकीच्यांनी भट्टी बंद ठेवलीच पाहिजे. तिथं तडजोड नाही.

“तपासलंय मी,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसाचं. शेवटच्या दिवसाचंही.”

“आन मधलं?”

वर गॅडोलिनियम इतकं थोडं ठेवलं होतं की ते मध्येच संपणार, आणि युरेनियम तर अजून ताजंतवानं असणार. टेलच्या मायेपोटी मी मधला काळ सोडून दिला होता.

“दोन दिवस देतो,” साहेब म्हणाले. “आता जेवून जा.”

सोमवारी हिशोब चालवला. मधल्या काळात भट्टी बंद ठेवण्याचं मार्जिन कमी पडत होतं. साहेबांचं बरोबर होतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला. मग वरच्या भागात गॅडोलिनियम परत घातलं. पण सरसकट नाही. मोजक्याच नळ्यांत, आणि जरा दाट, म्हणजे जास्त काळ टिकेल. बचत थोडी घटली. पण बरीचशी राहिली, आणि मार्जिन पहिल्यापासून शेवटपर्यंत भक्कम. साहेबांनी प्रत्येक टप्पा स्वतः तपासला आणि सही केली.

नवीन बंडलं भरल्यावर खरी परीक्षा. भट्टी बंद असतानाच सगळ्यात जोरकस रॉड बाहेर काढायचा आणि न्यूट्रॉन मोजणाऱ्या काउंटरकडं बघत राहायचं. इथला हिशोब जुळला, तरच मधल्या काळाच्या हिशोबावर विश्वास. कंट्रोल रूममध्ये साहेब माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे होते. रॉड बाहेर आला. काउंटर जरासा वाढला आणि तिथंच थांबला. हिशोबात लिहिलं होतं, अगदी तसंच. काहीही घडलं नाही. काही न घडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पुढच्या भरणीला नवी बंडलं आधीपेक्षा कमी लागली. काही वर्षांनी मुदत संपून बाहेर काढलेल्या माझ्या बंडलांचे शेंडे बुडख्याच्या जोडीनं जळालेले. तोवर साहेब रिटायर होऊन काटेवाडीला राहायला गेले होते. मी फोन करून एवढंच सांगितलं, की जमलं.

ते म्हणाले, “आता सांगायला हरकत न्हाय. त्या दिवशी रॉड बाहेर येताना माझे हात बर्फावानी गार पडलेले. म्हणून घडी घातलेली.”

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. सही करताना माझेही हात गार पडतात. ज्या दिवशी पडणार नाहीत, त्या दिवशी सही दुसऱ्या कुणीतरी करावी.