महादेव काढायचा कसा

चौसाळ्यात हायवेला लागून माझं टायपिंगचं आणि इंटरनेटचं दुकान होतं. बाई कॉम्प्युटर चालवते म्हणून लोक पोरींना बिनघोर माझ्याकडं आणायचे, आणि त्याचा मला भलताच तोरा होता. एका श्रावणी सोमवारी शिरूर कासारहून बाप-लेक आले. नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख. फॉर्म गेला तर पोरगी वसतिगृहात, नाहीतर दिवाळीआधी लग्न आणि नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला. स्थळ ठरल्यात जमा होतं. बाप म्हणाला, "आज जमलं तर जमलं, ताई. पुन्यांदा म्या येणार न्हाई."

तीन वाजले होते आणि चारला लाइट जायची. फॉर्मची साइट टाकली की भलतंच पान उघडायचं. त्यावर जुगाराच्या आणि नको तसल्या बायांच्या जाहिराती. एक बंद करावी तर दोन हजर. बाप मान खाली घालून उठला. "चल गं." पोरगी जागची हलली नाही.

"व्हायरस हाय मामा, आपोआप येतो," मी ठोकून दिलं. धडधडीत खोटं. आठवड्यापूर्वी मीच नेटवरून फुकटातला महादेवाचा स्क्रीनसेव्हर उतरवून घेतला होता, पिंडीवर सतत धार पडणारा. न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेले आणि ही सगळी पीडा त्याच्यामागून आत शिरली.

टूलबार काढले. होमपेज बदललं. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मूळ कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, पण प्रोग्रामच्या यादीतल्या महादेवावर माऊस नेला की हात मागं यायचा. सोमवारचा कडक उपास धरायचा आणि 'रिमूव्ह' दाबून महादेव घालवायचा? समोर पोरीचा जन्म टांगलेला, आणि मी माझ्या पापाचा हिशोब करत बसले होते. आजही स्वतःचा राग येतो.

"ह्येलाच का सोडता, ताई?" पोरीनं विचारलं.

"अगं, देव हाय तो."

"देव देवळात हाय. ह्यो तर फॉर्म अडवून बसलाय." तिनं माझ्या हातातून माऊस घेतला आणि दाबलं. मशीन पुन्हा चालू झालं आणि साइट पहिल्या फटक्यात उघडली. ती मार्क सांगत गेली, मी टाइप करत गेले, दोनदा चुकले. चारला पाच कमी असताना पावती छापून निघाली.

इंटरनेट फोनच्याच लायनीवर चालायचं; मी ते तोडलं, तसा फोन मोकळा झाला. पोरीनं पावती बापापुढं ठेवली आणि फोन त्याच्याकडं सरकवला. "आता पाव्हण्यांला न्हाई म्हणून सांगा, दादा."

बाप खिशातून चिठ्ठी काढून मला म्हणाला, "नंबर तेवढा तुमी लावा, ताई. बोलतो मी."

मी लावून दिला. "पोरगी शिकाया चाललीय," एवढंच तो बोलला. पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता, शिव्यांसकट. बाप उभ्यानं सगळं ऐकत राहिला, पण फिरून शब्द बदलला नाही.