ड्रमर झोपलाय म्हणे

तुरिदच्या मनातून एक भीती काही केल्या जात नव्हती. आपली रानवैग एक दिवस लोकांचं ऐकेल, आणि चारचौघांसारखी वाजवायला लागेल.

एरवी आयांना उलटी भीती असते. पण रानवैगचं सगळंच वेगळं होतं. दहा वर्षांची असताना ती शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची. नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाची, सतरा मेची मिरवणूक चाललेली, अख्खं गाव झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभं, आणि ऐन चर्चसमोर तिच्या काठ्या थांबल्या. मागच्या पोरांचे पाय अडखळले, तुताऱ्या वेड्यावाकड्या सुटल्या. बँडमास्तर लालबुंद होऊन धावत आले.

"काठी पडली का?"

"नाही. माझ्याशिवाय यांना चालता येतं का, ते बघत होते."

पुढच्या वर्षी तिच्या हातात झांजा देऊन तिला मागच्या रांगेत धाडलं. तिने झांजा टेबलावर ठेवल्या आणि घरी निघून आली.

आता ती चौतिशीची झाली होती. सकाळी बर्गन शहराच्या चढणींवर टपाल वाटायची, संध्याकाळी वाजवायची. पियानो, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम असा चौघांचा संच तिने बांधला होता. सुरावटी तिच्या, पहिली रेकॉर्डही तिच्याच नावावर निघालेली. जॅझ ऐकणाऱ्यांनी इंटरनेटवर तिला भरपूर धुतलं. 'ड्रमरची रेकॉर्ड म्हणे, ड्रम शोधायला दुर्बीण लागते,' असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं, 'बाई मधेच चहा प्यायला जातात काय?' एका महोत्सवाच्या माणसाने तर सरळ अट घातली: सुरुवातीला दहा मिनिटं एकटीने दणदणीत वाजव, मग बोलावतो. रानवैगने नकार दिला. तिचा सॅक्सोफोनवाला मात्र कुरकुरायला लागला होता. कार्यक्रमच नसतील तर किती दिवस नुसतं तळघरात वाजवायचं, त्याचंही खरंच होतं.

आणि गेल्या आठवड्यात फोनवर ती म्हणाली, "आई, कदाचित त्यांचंच बरोबर असेल गं."

तुरिदला ते वाक्य घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत होतं.

तुरिदच्या गावातल्या जॅझ क्लबात दर महिन्याच्या एका गुरुवारी ऐकण्याची बैठक असे. रेकॉर्ड कुणाची हे न सांगता लावायची, सगळ्यांनी तोंडावर बोलायचं, मग हात वर करून ठरवायचं की या मंडळींना शरद ऋतूत कार्यक्रमाला बोलवायचं की नाही. तुरिद तिथे पंधरा वर्षं होती, समितीवरही होती. त्या गुरुवारी वॉफल करायची पाळी तिची होती. ती पीठ साच्यात ओतत असताना अध्यक्ष ओड्वारने कोऱ्या पांढऱ्या पाकिटातली रेकॉर्ड वर धरली.

"ही टपालाने आलीय. सोबत चिठ्ठी, 'आधी ऐका, ठरवा, नाव मग सांगेन.' कुणीतरी स्वतःला फार शहाणं समजतंय."

सुई टेकली. बासचे पहिले तीन सूर ऐकले आणि तुरिदने साच्याचं झाकण हळूच मिटलं. रेकॉर्ड रानवैगची होती, आणि ती पाठवल्याचं रानवैग तिला एका शब्दाने बोलली नव्हती.

आता पंचाईत झाली. क्लबाचा नियम पक्का होता: आपल्या माणसाचा विषय निघाला की उठायचं आणि बाहेर जायचं. ओड्वारचा भाचा गायला येणार होता तेव्हा ओड्वार स्वतः पाऊण तास पोर्चमध्ये कुडकुडत उभा होता. पण तुरिद उठली असती तर रेकॉर्ड कुणाची हे सगळ्यांना कळलं असतं. बसून राहिली तर नियम मोडत होता. ती बसली. मांडीवर हात घट्ट धरून बसली.

तिसऱ्या सुरावटीत ड्रम थांबला. बाकीचे तिघे एकेक पाऊल चाचपत पुढे गेले, कडेकपारीवरून गेल्यासारखे. खोलीत कुणाचा चमचाही वाजला नाही. मग ड्रमवर ब्रशचा एकच घासता आवाज आला, आणि कुणीतरी श्वास सोडला.

रेकॉर्डची एक बाजू संपल्यावर ओड्वारने चष्मा पुसला. "म्होरक्या पियानोवाला दिसतोय. चांगला आहे. पण ड्रमर झोपलाय."

"झोपलाय कसला, पगार मिळाला नसेल!" मच्छीवाला शेल म्हणाला, आणि टेबलाभोवती हशा पिकला.

हाल्डिस ऐंशीची. तिने ब्राऊन चीजचा तुकडा तोंडात टाकला. "तुम्ही दोघं हसताय, पण मधे तो थांबला तेव्हा शेल, तुझा घास हातातच राहिला होता. मी पाहिलं."

"मला वाटलं रेकॉर्ड अडकली!"

"तुझं डोकं अडकलंय. मी तर म्हणते बोलवा."

हात वर झाले. बोलवा म्हणणारे चार, नको म्हणणारे चार. ओड्वार नको म्हणणाऱ्यांत.

"तुरिद, तुझा हात कुठाय? आता तूच ठरव बाई."

एक हात. नुसता खांद्यापर्यंत उचलला असता तरी पोरगी स्वतःच्या गावात वाजवणार होती. तुरिद उठली. "माझा हात नाही चालणार," म्हणाली, आणि पोर्चमध्ये जाऊन उभी राहिली.

आतून शेलचा आवाज आला, "अरे देवा, रानवैग!" मग खुर्च्या सरकल्या, आणि ओड्वार घाईघाईने बोलला, "मग प्रश्नच मिटला की! आपलीच पोर. बोलवूया. लिहून टाका, एकमताने."

तुरिदने दार उघडलं.

"ओड्वार, आत्ता ड्रमर झोपला होता ना? मी पोर्चमध्ये जाईपर्यंत जागा झाला का?"

"अगं, ते आम्हाला माहीत नव्हतं..."

"म्हणूनच ते खरं होतं. सारखे हात पडले की अध्यक्षाचं मत चालतं, हा तुझाच नियम. तू नको म्हणालास. नको तर नको."

"वेडी आहेस का तू? तिचंच नुकसान होईल," शेल म्हणाला. तो मनापासून बोलत होता, तिलाही ते कळलं. "लेक आहे ना तुझी?"

"लेक आहे म्हणूनच. चार जणांनी ती कोण हे माहीत नसताना हात वर केले. तुम्ही आता दयेचे चार त्यात मिसळलेत तर ते खरे चारही बुडाले. ते मी बुडू देणार नाही."

ओड्वारने खाली मान घालून लिहिलं. हाल्डिस मात्र आपला वर केलेला हात अजून खाली घ्यायला तयार नव्हती. "माझा असाच राहणार आहे," ती म्हणाली, "वॉफल डाव्या हाताने खाईन."

तुरिद ॲप्रन काढून बाहेर पडली. मे महिन्याचा उजेड अजून फियोर्डच्या पाण्यावर पसरलेला होता. आपण हे काय करून बसलो, पोरीने विचारलं तर काय सांगणार, 'तुझ्या गावाने नाही म्हटलं, आणि तो नकार तुझ्या आईने टिकवला'? आजवर लोकांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचवताना तुरिद त्यातले काटे काढून द्यायची, वर एक हृदयाचं चित्र पाठवायची. आजही तसं जमलं असतं. 'बघू म्हणालेत' एवढं लिहिलं की झालं.

धक्क्यावरच्या बाकावर ती बसली. झोपलेला ड्रमर, न मिळालेला पगार, हातात थांबलेला घास, सगळं जसंच्या तसं सांगायचं. नकार आधी सांगायचा. मग ते चार हात, आणि ते कुणाच्याही ओळखीने वर झाले नव्हते हे. आणि शेवटी, एकही ठोका वाढवू नकोस म्हणायचं. रानवैग रडेल, चिडेलही. चिडू दे.

तुरिदने फोन काढला आणि रानवैगचा नंबर लावला.