पाय धुतलेलं पाणी

माझ्या मावसनणंदेसारखी बाई ब्रह्मदेवानं दुसरी घडवली नाही. घडवायला बसला असता, तर वन्संनी त्याला आधी हात धुऊन यायला लावलं असतं. जर्मनीशी दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. वन्सं मुंबईच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकत होत्या आणि सुटीला सांगलीजवळ आमच्या गावी येत. आपण तूप हुंगतो तसं त्या पाणी हुंगायच्या. कुणी जेवायला बोलावलं, तर आधी त्या घरचा उकिरडा विहिरीपासून किती लांब आहे ते बघून यायच्या. एका लग्नात सगळ्या बाया नवरीचे दागिने बघत होत्या, तेव्हा वन्संनी आचाऱ्याची नखं बघितली आणि कापायलाही लावली. मी नवी सून, अकलेचा नुसता हंडा, तोही पालथा. गटार बघायला विद्यापीठ कशाला, आमच्या परसातलं फुकट दाखवलं असतं, असं मला वाटे. "वन्सं, परीक्षेला गटारात उतरवतात का हो?" मी विचारलं. "न उतरता सांगता आलं की पास करतात, वहिनी," त्या शांतपणे म्हणाल्या.

वन्संना वडील नव्हते, त्यामुळं शब्द माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी बजावलं, "औंदा पाव्हणं बघून जातील. पसंत पडलीस की शिकणं बास." शेवटचं वर्ष राहिलं होतं. वन्सं त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पाहुणे मेढ्याकडचे, मुलाचे वडील पलटणीतले निवृत्त सुभेदार. रिवाजाप्रमाणं सगळ्यांनी आडावर पाय धुतले, मग बैठकीत बसले. मी पाण्याचे तांबे ठेवले. वन्सं मान खाली घालून पोहे घेऊन आल्या, आणि तांबे दिसताच मान वर झाली.

"ते पाणी पिऊ नका. आडाचा ओटा फुटलाय. तुमचे पाय धुतलेलं पाणी परत आडात गेलंय."

सासऱ्यांची मिशी थरथरली. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सुभेदारांनी तांब्यात डोकावून बघितलं, उठले आणि थेट आडावर गेले. वन्संनी तिथं वाकून भेग दाखवली, पाणी कसं मुरतं ते सांगितलं, पदर ढळला तरी त्यांना भान नव्हतं. मग त्या सुभेदारांनी फेटा काढून ठेवला आणि फावडं मागवलं. दिवस कलेपर्यंत पाहुणे, यजमान, सगळे चिखलात उभे राहून पाण्याला लांब चर काढत होते आणि ती पोरगी हुकूम सोडत होती. मी तोंडाचा आ मिटायलाच विसरले.

जाताना सुभेदार सासऱ्यांना म्हणाले, "आवं, पलटणीत गोळीपरीस पाण्यानं लय पोरं गेली आमची. हिला चुलीम्होरं बसवायचं पाप मी न्हाई करनार, तुमीबी करू नगा." सासरे रात्रभर ओसरीवर येरझारा घालत होते. सकाळी त्यांनीच बैलगाडी जुंपायला सांगितली, वन्संना परत शिकायला धाडायला.

मोटारीच्या थांब्यावर मी वन्संसाठी रडत होते, हातचं स्थळ गेलं म्हणून. त्यांनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्हीपण चला की, वहिनी. हुशार आहात." मला हसूच फुटलं. घरी दूध उतू जाईल, म्हणाले मी. मोटार सुटली, आणि धुरळा बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.