चिंचेखालचं घर आणि टेपचं दुसरं टोक

आसगावच्या यमुनाबाई नान्हेंचं घर आम्ही पुसलं. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, भरदुपारी, नागपूरच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात एसीत बसून. तलावाच्या सुशोभीकरणाचा नकाशा सॅटेलाइट फोटोवरून ट्रेस केला. घर चिंचेखाली झाकलेलं, म्हणून आम्ही झाडाचा गोल काढला अन् त्यावरून जॉगिंग ट्रॅक नेला! आता त्याच नकाशावर बोट ठेवून पंचायतवाले बाईंच्या घराला ‘अतिक्रमण’ म्हणतात.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी स्वतः वाटलीत. तरी हे लिहितोय.

चूक कळल्यावर, दिवाळीनंतर, मी आणि वर्गमैत्रीण नेहा घर मोजायला गेलो. बाजूची भिंत घेत होतो. मधे बेशरमाची झुडपं, पलीकडचं दिसेना. टेपचं टोक घेऊन नेहा मागे गेली. थोड्या वेळानं टेप ताणला गेला... दोन झटके. म्हणजे ‘शून्य धरलंय, वाच’ — ही आमची खूण.

“सात पस्तीस!” मी ओरडलो आणि वहीत मीटरच्या रकान्यात लिहिलं.

“काहून बोंबलून राहिला बे?” नेहा पुढच्या दारातून आली, हातात काळा चहा. “टोक भिंतीपाशी ठेवलं मी. बाईंनी बोलावलं, मघाचीच आत आहे.”

मागे गेलो. भिंत चार वीसलाच संपत होती. टेप मात्र तीन मीटर पुढे, गवतात. तिथे कोणीच नाही.

यमुनाबाईही मागे आल्या. “तिथंवर आमची पडवी होती ना बाप्पा. मायी सासू तिथंच बसून जाळं विने. पुरात गेली पडवी.” त्यांनी खुरप्यानं माती काढली. वीतभर खाली जोत्याचे घडीव दगड, ओळीनं... शेवटचा दगड बरोबर सात पस्तीसवर.

“तुमच्या टेपले मालूम हाय,” बाई म्हणाल्या, “तुमच्या सायबलोकाइलेच नाही.”

टेपचा हुक दगडात अडकला म्हणाल, तर दगड मातीखाली होता. आणि झटके? नेहानं मस्करी केली म्हणावं, तर ती तेव्हा आत बाईंसमोर चहा गाळत होती. तेव्हापासून डोकं खाजवतोय.

पण जोतं आहे. हात लावून बघता येतं. येत्या ग्रामसभेत आमचा तोच खोटा नकाशा मंजुरीला येतोय. तुम्ही आसगावचे असाल तर घरी बसू नका. उभे राहा आणि म्हणा — आधी जोतं बघा, मग हात वर करा.