कदमांच्या पोटातलं फायबर

डब्याच्या टेबलावरचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. रोज अर्धा तास तीच चार माणसं समोरासमोर बसली की ते आपोआप साठतात. आमच्या अंबरनाथच्या कंपनीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनतात. मी तिथे क्वालिटीला आहे, म्हणजे टाकी गळते का ते बघतो. यंदा मात्र टेबलावर एकाच पोटाची चर्चा होती. आमच्या सुपरवायझर कदमांच्या.

*

कदमांना मूळव्याधीचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या खाण्यात फायबर अजिबात नाही."

"डॉक्टर, सव्वीस वर्षं फायबरमध्येच काढली," कदम म्हणाले. "नाकातोंडात गेलं तेवढं पुरे नाही का?"

डॉक्टर हसले नाहीत. दोन महिने पालेभाज्या, कडधान्यं आणि भाकरी, फरक पडला नाही तर ऑपरेशन, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती रजेच्या अर्जाची. आमच्याकडे त्यात आजाराचं नाव लिहावं लागतं आणि अर्ज जातो एचआरच्या मॅडमकडे. "तो शब्द लिहून मॅडमच्या हातात देण्यापेक्षा मी राजीनामा देईन," कदम मला म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. मला खरंच वाईट वाटलं.

*

कदमवहिनींनी लगेच भाज्या सुरू केल्या. सोमवारी बटाट्याची पिवळी भाजी, मंगळवारी बटाट्याचा रस्सा, बुधवारी बटाट्याच्या काचऱ्या. हिरवं म्हणून वरून कोथिंबीर, आणि तीही कदम वेचून झाकणात ठेवायचे.

"अहो, बटाटा भाजीत धरत नाहीत," मी म्हटलं. कदमांनी घरी निरोप पोचवला. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर उत्तर आलं.

"भाऊजींना सांगा, बटाटा मी भाजीवाल्याकडूनच आणते. मेडिकलमधून नाही."

*

मग मॅडमनी 'हेल्दी ट्यूजडे' काढला. दर मंगळवारी प्रत्येकाने सॅलड आणायचं आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

पहिल्या मंगळवारी फक्त स्टोअरच्या दिलीपभाईंनी काकडी आणली. दिलीपभाई उल्हासनगरचे सिंधी, व्यवहाराला पक्के. त्यांनी ती बशी सगळ्यांना आळीपाळीने वापरायला दिली. कुणी डावीकडून फोटो काढला, कुणी उजवीकडून. कदमांनी वर एक लिंबू ठेवून काढला.

मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, "ग्रेट व्हरायटी, टीम!"

काकडी कुणीच खाल्ली नाही. दिलीपभाई तीच पुढच्या मंगळवारी परत घेऊन आले. "फोटो के लिए एकदम चलेगी," म्हणाले.

*

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या भोईरमावशी बारवी धरणाकडच्या. पावसाळ्यात त्यांच्या डब्यात टाकळ्याची भाजी असते, बांधावर आपोआप उगवलेली. एरवी आम्ही त्या डब्याकडे बघायचो नाही. कदम मात्र एक दिवस हळूच मावशींजवळ गेले आणि कुजबुजत विचारू लागले, "मावशी, ही भाजी जरा... म्हणजे... पोटाला कशी असते?"

मावशींना ऐकायला कमी येतं. त्यामुळे त्या स्वतः मोठ्याने बोलतात.

"सायब, तुमाला साफ होत नाय का? मंग तसा सांगा ना!"

अख्खं कॅन्टीन जेवायचं थांबलं. मॅडम केबिनमध्ये जेवतात म्हणून इभ्रत वाचली. कदमांनी मान खाली घालून टाकळा खाल्ला, पण मावशींनी वाढला तेवढा सगळा खाल्ला.

*

दिलीपभाईंनाही तेव्हाच सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पालक, चुका, शेपू आणि चणाडाळ एकत्र शिजवून घोटलेली भाजी आणली. "कदम, साई भाजी है. खाओ."

कदमांनी चपला काढल्या. उजवा हात पुढे केला, चमचाभर भाजी तळहातावर घेतली, कपाळाला लावली आणि खाल्ली.

"अरे, इतनी सी? पोळीसोबत घ्या ना!"

"प्रसाद आहे, दिलीपभाई. पोटभर खायचा नसतो."

दिलीपभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, प्रसाद नाही! हमारे सिंधी में साई मतलब हरी!"

कदमांनी पुन्हा हात जोडले.

हिरवी, हिरवी म्हणून समजावण्यात आमची जेवणाची सुट्टी संपली. मग दिलीपभाईंच्या बायकोने फोनवरून कदमवहिनींना कृती सांगितली आणि कदमांच्या विठ्ठलवाडीच्या घरात बटाटा मागे पडला. कदम भाजी मुकाट खायचे. तोंड वाकडं करायचे, पण डबा रिकामा करायचे.

*

दोन महिन्यांनी कदम तपासून आले ते थेट पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मला बाजूला घेऊन म्हणाले, "टळलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग खात्यात प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत गेले. आम्हाला कुणालाच कारण विचारावं लागलं नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. कदमांची मुलगी चिखलोलीला दिली आहे, एवढंच त्यांना माहीत.

"कदम, पेढे कसले?"

कदम गांगरले. "मॅडम, ते... सगळं सुरळीत झालं."

मॅडमचा चेहरा खुलला. "अरे वा, आजोबा झालात! नॉर्मल की सिझर?"

खात्यात सगळे आपापल्या टाकीत तोंड घालून उभे राहिले.

कदमांनी मॅडमच्या हातावरही पेढा ठेवला.

"नॉर्मल, मॅडम," ते म्हणाले. "ऑपरेशनची वेळच आली नाही."