साहेबाचं पाव एकर

जऊळक्याच्या स्टेशनावर त्या दिवशी मला पोचवायला अर्धं गाव आलं होतं. पोरगं कॉलेजात मास्तर झालं, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. हार घातलात, नारळ दिलात, पण तिथं जाऊन हा काय शिकवणार हे एकानेही विचारलं नाही, आणि विचारलं नाहीत ते बरंच केलंत. मी कापूस शिकवायला निघालो होतो. तसं सांगितलं असतं तर गाडी सुटेपर्यंत तुम्ही हसत राहिला असता, आणि हसणं रास्तच ठरलं असतं.

बाबा मात्र हसले नसते. ते डब्याच्या दाराशी उभे होते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "तुले आमी काय शिकोनार? आता थो कालेजातला सायेब तुहा गुरू. त्याच्या हाताखाली शीक, त्याचं मन मोडू नको." मी मान हलवली. ती मान मी पुढे तीन वर्षं हलवतच राहिलो.

हेडमास्तर, गावातून बाहेर पडणाऱ्या मुलांना हुरूप येईल असं काहीतरी मार्गदर्शनपर लिहून पाठवा, असं तुमचं पत्र आलं. हुरूप माझ्यापाशी नाही. मार्गदर्शन या शब्दाचीच मला शिसारी आहे. जे झालं ते लिहितो. शाळेच्या अंकात छापायची छाती असेल तर छापा, नाहीतर चुलीत घाला. कॉलेजचं आणि त्या प्रोफेसरांचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं तर गावात कोणीतरी त्याचंही कौतुक करेल.

आमच्या त्या शेतकी कॉलेजात नव्या लेक्चररला मोकळं सोडत नसत. पहिली तीन वर्षं त्याला एखाद्या जुन्या प्रोफेसराला जोडून देत, म्हणजे त्याने याला घडवावं. ऐकायला किती चांगलं वाटतं. आमचं घडणं चालायचं दर शनिवारी दुपारी, आमच्या प्रोफेसरसाहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात. आम्ही तिघे नवे लेक्चरर बाकावर बसायचो आणि साहेब वेताच्या खुर्चीत. कोणत्या प्रिन्सिपॉलने त्यांना काय म्हटलं आणि त्यांनी कसं उत्तर दिलं, हे ते सांगायचे. कुठे हसायचं ते आम्ही शिकलो. बाईसाहेबांची पार्सलं पोस्टातून आणायलाही शिकलो.

वर्गात ते माझं लेक्चर ऐकायला एकदाच आले. मी घरून आणलेली काळी माती टेबलावर पसरली होती आणि मुळासकट उपटलेली कापसाची पऱ्हाटी हातात धरून मुलांना मुळं दाखवत होतो. तास संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, मुळांबद्दल काही सांगतील. ते म्हणाले, "विद्यार्थ्यांसमोर मातीत हात घालू नका. लेक्चररला शोभत नाही." तीन वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल त्यांनी दिलेला हा एकुलता एक सल्ला. मी तो पाळला, हे लिहितानाही लाज वाटते.

तेव्हा मी टाय बांधायला शिकलो होतो. मेसमध्ये गव्हाची पोळी मिळायची आणि ज्वारीची भाकरी मागितली की वाढपी माझ्याकडे रोगी असल्यासारखा बघायचा. घरी पत्र लिहायचो ते सगळं छान आहे असंच. तुमच्यातले जे दुसऱ्या शहरांत गेले, त्यांनीही घरी असलीच पत्रं लिहिली असणार. गावाला खरं कळवायचं नाही हे आपल्याला कोणी शिकवलं, देव जाणे.

दुसऱ्या वर्षी साहेबांनी कापसाचं एक नवं बी तयार केलं. कॉलेजच्या शेतात ते जोमात यायचं, पण वऱ्हाडातल्या काळ्या मातीत पेरून बघायला हवं होतं. "तुमच्या घरी जमीन आहे ना?" त्यांनी विचारलं. स्वतः ते जऊळक्याला एकदाही आले नाहीत, उंटावरून शेळ्या हाकल्या. पेरणीच्या वेळी मी चार दिवसांची रजा घेऊन आलो, बाबांच्या वावरात खुंट्या मारून दोन तुकडे आखले. पाव एकरात साहेबांचं बी, शेजारच्या पाव एकरात आपलं गावरान. बाबांना सांगितलं की प्रत्येक वेचणीचा कापूस वेगवेगळा तोला आणि वजन कळवा.

तोलायला बाबांपेक्षा विश्वासाचा माणूस मिळाला नसता. गावात दोघांच्या मालावरून तंटा झाला की काटा धरायला बाबांनाच बोलवायचे. ते तोलायला बसले की दोन्ही बाजू गप्प व्हायच्या. वडिलोपार्जित म्हणावी अशी आमच्या घरात एवढीच इभ्रत होती.

इकडे कॉलेजात दरवर्षी एका तरुण लेक्चररला वरच्या शिक्षणासाठी दोन वर्षं विलायतेला पाठवत. कोणाला पाठवायचं ते साहेबांच्या शिफारशीवर ठरायचं. तीन वर्षं बाकावर बसण्याचं फळ म्हणतात ते हेच. "या प्रयोगाचं चांगलं झालं तर पुढचं नाव तुमचं," साहेब म्हणाले. मला विलायत हवी होती. आजही खोटं बोलणार नाही, पोटतिडकीने हवी होती.

वेचणीला मी स्वतः हजर राहायला हवं होतं. रजेचा अर्ज केला तर साहेबांनी तो परत दिला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. वऱ्हाडी मंडळींना स्टेशनावरून आणायचं आणि मांडवात अत्तर लावत उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. प्रयोग ज्यांचा, त्यांनाच तो लग्नापेक्षा हलका वाटला, तर मी कोण बोलणार. बाबांनी वेचण्या एकट्याने उरकल्या आणि हेडमास्तर, तुमच्याच हातून वजनांचं पत्र लिहवून घेतलं. साहेबांचं बी गावरानाच्या दीडपट उतरलं होतं.

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या नावाने बुलेटिन छापून आलं. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, स्थानिक मदतीबद्दल माझे आभार होते. पाठोपाठ विलायतेसाठी माझी शिफारसही गेली.

निरोप घ्यायला मी घरी आलो. जेवता जेवता बाबांना उत्साहाने सांगितलं की येत्या पेरणीला साहेबांचं बी सगळ्या तालुक्याला मिळणार, जऊळक्यात येणार, केनवडला आपल्या सीताच्या, माझ्या बहिणीच्या, सासरच्यांनीही नाव नोंदवलंय. बाबांचा घास हातातच राहिला.

"त्याईले थे बी पेरू नको म्हना," ते म्हणाले.

"काहून?"

"थे बी चांगलं नाई. अर्धी बोंडं उकललीच नाई."

मी वजनांचं विचारलं. बाबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. सरळ म्हणाले, "सायबाचं बी आपल्या वावरात आलं, म्हन्जे थो पाव्हनाच झाला. पाव्हन्याच्या ताटात कमी वाढतेत काय? कमी उतरलं असतं तं त्यानं तुह्यावर राग काढला असता. म्हून इहिरीजवळच्या वावरातला कापूस त्याच्या गाठोड्यात टाकला."

ज्या माणसाने जन्मात कोणाचं माप मारलं नाही, त्याने माझ्यासाठी माप वाढवलं होतं. मी बापावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. मी त्यांना अडाणी म्हटलं, माझा सत्यानाश केलात म्हटलं. माय मधे पडली नाही. बाबा ताटावरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत. साहेबाचं मन मोडू नको हे त्यांनी मला सांगितलं होतं आणि स्वतःही पाळलं होतं, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

परत जाऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते संतापतील. ते शांत होते. टेबलावरचा कोरा कागद त्यांनी पुढे सरकवला. "वजनं तुमच्यासमोर झाली एवढं लिहा आणि सही करा. बुलेटिन छापून झालंय."

"आणि बी? ते लोक पेरतील."

"एक हंगाम फसला तर शेतकरी पावसाला दोष देतो. त्याला सवय असते."

तीन वर्षांच्या शनिवारांत माझं त्यांच्याकडून हेच शिकायचं बाकी राहिलं होतं. मी सही केली नाही. यात शौर्य वगैरे काही नाही. केनवडच्या ज्या वावरात ते बी पडणार होतं त्यावर माझ्या बहिणीचं घर चालत होतं, म्हणून केली नाही. दुसऱ्याची बहीण असती तर काय केलं असतं ते सांगता येत नाही. साहेबांनी माझ्या रिपोर्टात लिहिलं की याचं कामावर लक्ष नाही, प्रयोग याच्या गैरहजेरीने बिघडला. बाकावरचा दुसरा गडी विलायतेला गेला. बुलेटिन मात्र मागे घेतलं गेलं नाही.

म्हणून मी गावी आलो आणि चावडीवर उभा राहिलो. बियाची पोती आली होती, शेतकी खात्याचा माणूस नावं वाचत होता. मी सांगितलं की हे बी पेरू नका, प्रयोगाची वजनं खोटी आहेत. तुम्ही काय केलंत ते आठवत नसेल तर सांगतो. तुम्ही हसलात. "सायबाच्या बुकात छापून आलं ना," एक जण म्हणाला. पाटील तर मोठ्याने म्हणाले, "याची विलायत हुकली, म्हून हा सायबावर राग काढून राह्यला." स्टेशनावर हार घालणारे हात तेच, आणि त्यांच्या लेखी मी एका हंगामात खोटारडा झालो होतो.

वजनं खोटी कशी, ते सांगायला माझी जीभ रेटेना. बाबा मागे भिंतीला टेकून बसले होते. मग मी सांगितलं. कापूस कोणी मिसळला तेही सांगितलं.

पाटील बाबांकडे वळले. "सखारामभाऊ, तुहा पोरगा काय म्हून राह्यला? तूच सांग. तू नाई म्हन, इषय संपला."

खरंच संपला असता. त्यांच्या शब्दापुढे माझा शब्द कोणी विचारात घेतला नसता. बाबा उठून उभे राहिले. "पोरगा खरं बोलून राह्यला," ते म्हणाले. "दुसऱ्या वावरातला कापूस म्याच टाकला." आणि चपला घालून घरी निघून गेले.

पोती परत गेली. केनवडलाही कोणी पेरलं नाही. तुमचा हंगाम वाचला. आणि त्या सालापासून तुम्ही काटा धरायला बाबांना बोलावलं नाहीत. एकदाही नाही. ज्या माणसाने एका शब्दाने तुमची वावरं वाचवली, त्याच्या दारावरून दुसऱ्याला बोलवायला जाताना तुमचे पाय अडखळले नाहीत. ज्याच्या बुलेटिनावर तुम्ही विश्वास ठेवलात तो साहेब मानाने पेन्शनीत निघाला. हे मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि हेडमास्तर, अंकात छापताना हे वाक्य गाळू नका.

मी आता लांबच्या एका लहान कॉलेजात आहे. मला दोन लेक्चरर जोडून दिलेत. त्यांना व्हरांड्यात बसवत नाही. वेचणीला त्यांच्यासोबत वावरात जातो, कापूस त्यांच्यादेखत तोलतो, आणि खोटं लिहिलंत तर हाकलून देईन असं सांगतो. त्यांना मी आवडत नाही. नसेन. गावातून आलेल्या मुलांनी माझ्याकडून शिकायचं असेल तर यावं, गोड बोलणं मिळणार नाही.

दिवाळीला मी घरी येतो. तुम्ही रामराम करता, मी करतो, पलीकडे काही नाही. बाबा थकलेत. चावडीचा विषय आमच्यात इतक्या वर्षांत निघाला नव्हता. गेल्या दिवाळीला दोघंच ओसरीवर बसलो असताना मीच काढला. "बाबा," मी म्हटलं, "तुमी तवा नाई म्हटलं असतं तं तुमची इज्जत राह्यली असती. मंग खरं काहून सांगतलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू एवढं शिकून मी साधी गोष्ट विचारतोय.

"तुले खोटा पाडला असता, तं मंग तू कोनाच्या घरी आला असता?"