दोऱ्याचा पाय, लोखंडाचा पाय

धनसिंगने अभिमनचा डावा गुडघा मोडला तेव्हा ओली फांदी पिळल्यासारखा आवाज झाला. सदुसष्टची चोपड्याची जत्रा होती. हलगी वाजत होती, तरी तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. अभिमनची पाठ केव्हाच टेकली होती. कुस्ती संपली होती. धनसिंगने तरी पाय सोडला नाही. त्याच्या डोळ्यांत बघत त्याने तो आणखी एकदा पिळला.

धुळ्याच्या अमृतलाल डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा कापून आतल्या तुटलेल्या बंधाच्या जागी ओवला. हाडाला भोक पाडून रेशमी दोरा आरपार काढला आणि पलीकडे सदऱ्याला असतं तसल्या बटणावर गाठ मारली.

दोरा ऐकून अभिमनला धसका बसला. तो धुळ्याच्या प्रेसमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. एकदा लोखंडी पट्ट्या संपल्या म्हणून मुकादमाने दोर लावायला सांगितला. दाब सुटताच गाठ फुटली. दोराच्या टोकाने वना हमालाचा डोळा बाहेर आला. तो डोळा अभिमनच्या पायाशी पडला होता.

चौऱ्याहत्तर साली एक गाठ घसरून त्याच्या उजव्या पायावर आली. त्या गुडघ्यातलाही तोच बंध तुटला. आता डॉक्टरांकडे नवी पद्धत होती. पट्टा त्यांनी दोन टोकांच्या लोखंडी खिळ्याने हाडात ठोकला.

"खिळा नुसता धरून ठेवतो," ते म्हणाले. "पट्टा हाडात रुजायला वर्ष लागतं. तोवर कुस्ती नाही."

"पन लोखंड शे ना, साहेब?"

"लोखंड आहे."

अभिमनने तेवढंच ऐकलं.

प्लास्टर निघालं न निघालं तोच जत्रा आली. ही आपली शेवटची कुस्ती, असं धनसिंगने सांगून ठेवलं होतं. नंतर तो हाती लागणार नव्हता. अभिमन लंगोट घेऊन निघाला. त्याची बायको सुंदरबाई दारात उभी राहिली.

"डाक्टर काय बोलना, आयकं नही का?"

"उजवा पाय लोखंडना शे. डावाले जपसू."

"डावाले जप. डोकाले कोन जपी?"

आखाड्यात धनसिंगने त्याच्या छातीला माती लावली. "काय रे लंगड्या, दुसरा पाय बी माले देवाले उना का?"

सलामी झाली आणि धनसिंग सरळ डाव्या गुडघ्यावर गेला. जुनी जागा त्याला पाठ होती. त्याने पाय काखेत घेऊन सगळं अंग टाकलं. अभिमनने दात खाल्ले. गुडघा हलला नाही. धनसिंग चमकला. तेवढ्यात अभिमनच्या डोक्याने त्याचं नाक फुटलं. रक्त दोघांच्या अंगावर आलं. अभिमनने त्याला कमरेला धरून उचललं, वर नेलं, फेकायला वळला, आणि सगळा भार भरवशाच्या उजव्या पायावर दिला.

खिळा हाडातून उपटून निघाला. गुडघा आडवा दुमडला. धनसिंग त्याच्यावर पडला आणि पडल्या पडल्या त्याच्या तोंडावर कोपर मारत राहिला. फेटा धनसिंगला बांधला गेला.

डॉक्टरांनी खिळा ताटलीत टाकला. टोकांना हाडाचा चुरा होता. हा गुडघा आता वाकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. अभिमनचे पुढचे दात नव्हते. शब्द फुसकत आले.

"मंग दोरा कशा टिकना?"

"दोरा केव्हाच विरला असेल," डॉक्टर म्हणाले. "तिथं पट्टा रुजून आता तुझंच हाड झालंय. सात वर्षं दिलीस तू त्याला."

अभिमन डाव्या गुडघ्यावर हात ठेवून पडून राहिला. ताटलीकडे त्याने पाहिलं नाही.